मधला कप्पा

४ मार्च, सोमवार

ही वही इस्पितळातल्या सिस्टरने दिली. पानावर चार रकाने आहेत: तारीख, वेळ, जागा, ताप. जागा म्हणजे इंजेक्शन अंगावर कुठे दिलं ती. रकाने इतके अरुंद की माझं अक्षर त्यात मावत नाही, म्हणून उरलेलं पानामागे लिहितोय. बायको म्हणाली, "पावतीसारखं लिहू नका, जरा माणसासारखं लिहा." प्रयत्न करतो.

हिच्या केमोची तिसरी फेरी आज झाली. आता एकच उरली. दुसरीनंतर हिच्या पांढऱ्या पेशी इतक्या खाली गेल्या होत्या की तिसरी आठवडाभर पुढे ढकलावी लागली. पुन्हा तसं नको म्हणून या वेळी परवापासून सात दिवस रोज एक इंजेक्शन. त्याने हाडांच्या आत पांढऱ्या पेशी भराभर तयार होतात. पेशी नसल्या तर साधा जंतूही जिवावर बेतू शकतो, हे सिस्टरने हिच्या तोंडावरच सांगितलं. मला ते आवडलं नाही. ही मात्र "बरं" म्हणाली, गिऱ्हाइकाने बाही अर्धा इंच कमी करा म्हटल्यावर म्हणते तसं.

इंजेक्शन मी द्यायचं. ही पस्तीस वर्षं शिवणकाम करते, सुई तिच्या हातातली. पण औषधांनी बोटांची टोकं बधिर झालीत, बटण धरलेलं कळत नाही म्हणते. उरलो मी, आणि मला रक्त तपासायला दिलं तरी घाम फुटतो.

सिस्टरने सगळं दोनदा सांगितलं. औषध भरलेली सुई फ्रिजमध्ये ठेवायची, गोठवायची नाही. अर्धा तास आधी बाहेर काढायची. हलवायची नाही. रोज जागा बदलायची, टोचल्यावर चोळायचं नाही. वापरलेल्या सुईला टोपण परत लावायचं नाही, थेट जाड डब्यात. हाडं दुखतील, पण दुखतंय म्हणून आपल्या मनाने गोळी घ्यायची नाही, कारण त्या गोळीने ताप झाकला जातो आणि ताप कळणं फार गरजेचं. शंभर पॉइंट चारच्या वर गेला की ताबडतोब फोन.

शेवटी तिने विचारलं, "काका, घरचा फ्रिज ठीक आहे ना?"

मला हसूच आलं. बत्तीस वर्षं फ्रिज दुरुस्तीचं दुकान चालवतोय. म्हटलं, "सिस्टर, दुसरं काहीही विचारा." ही तेव्हा खिडकीबाहेर बघत होती.

५ मार्च, मंगळवार

सिस्टरने दिलेल्या स्पंजवर सराव केला. स्पंज काही बोलत नाही हे बरं. तरी हात थरथरत होता.

सात सुयांचा खोका फ्रिजमध्ये ठेवला. गिऱ्हाइकांना मी हजारदा सांगतो, दारात दूध ठेवू नका, दार उघडलं की पहिला गारवा तिथलाच जातो. म्हणून खोका सगळ्यात आत, मागच्या भिंतीला टेकवून ठेवला.

ही म्हणाली, "तिथे? तिथे माझी काकडी दगड होते. दोन महिने सांगतेय तुम्हाला."

"काकडीचं वेगळं," म्हटलं. "तिच्यात पाणी जास्त असतं."

थर्मोस्टॅट बघायला हवा हे खरं. पण दुकानात तीन फ्रिज उघडे पडलेत, गिऱ्हाइकं रोज फोन करतात. आपल्या घरचं काय, कधीही होतं.

६ मार्च, बुधवार

पहिलं इंजेक्शन. संध्याकाळी सात. पोट, उजवी बाजू.

बेंबीपासून दोन इंच सोडायचे असतात. हिने गळ्यातली मोजपट्टी काढली, आरशासमोर उभी राहिली आणि खडूने खूण केली. "इथून पुढचं कापड तुमचं," म्हणाली. मी हात धुतले, पुन्हा धुतले. कातडी चिमटीत धरली आणि तसाच राहिलो. सुईचं टोक हलत होतं. म्हणजे माझा हात हलत होता.

तेवढ्यात हिने विचारलं, "अहो, फ्रिजमधला गॅस गार असतो की गरम?"

एकतीस वर्षांच्या संसारात या बाईने माझ्या धंद्यातलं एक अक्षर विचारलेलं नाही. मी सांगायला लागलो. फ्रिज गारवा बनवत नाही, आतली उष्णता उचलून बाहेर टाकतो. कॉम्प्रेसरने गॅस दाबला की तो तापतो, मागच्या नळ्यांतून ती उष्णता बाहेर जाते, मग गॅस मोकळा सुटला की एकदम गार पडतो. सांगून होईपर्यंत इंजेक्शन देऊन झालं होतं. कधी टोचलं ते मलाच कळलं नाही.

सुई डब्यात. ताप नाही. जीव भांड्यात पडला.

७ मार्च, गुरुवार

पोट, डावी बाजू. ताप नाही. हिने गॅसचं पुन्हा विचारलं. म्हटलं, कालच तर सांगितलं. म्हणाली, "नीट कळलं नाही." पुन्हा सांगितलं. औषधांनी लक्षात राहत नाही म्हणतात, तसंच असावं.

८ मार्च, शुक्रवार

उजवी मांडी. आज गॅसचं तिसऱ्यांदा. मी न चिडता सांगितलं, हे नमूद करतो.

हाडं दुखतात का विचारलं. म्हणाली, "छे. मला कुठे काय?" म्हणजे आपल्याला त्रास कमी दिसतोय. मुलीचा फोन आला, तिलाही हेच सांगितलं. ही मशीनवर बसली नाही आज. खुर्चीतून उठताना टेबलाला धरून उठली. शिवायला काही नसेल.

खोका जरा ओलसर लागला हाताला.

९ मार्च, शनिवार

हे लिहू की नको असं झालंय. चार रकान्यांत हे कुठेच बसत नाही, तेव्हा मागेच लिहितो.

साडेसहाला खोका काढायला गेलो तर तो निघेना. मागच्या भिंतीला चिकटला होता. ओढला तेव्हा पुठ्ठ्याचा एक थर बर्फासकट तिथेच राहिला. आत चार सुया. चारही गोठलेल्या. आणि काल खोका ओला होता, म्हणजे एकदा गोठून सुटून पुन्हा गोठल्या असणार. थर्मोस्टॅट अडकतो, मशीन बंदच होत नाही, मग भिंत बर्फ धरते. बंद झालं की वितळतं. हे दुसऱ्याच्या घरात मी दारातून आवाज ऐकून सांगितलं असतं.

सिस्टरला फोन करायला हवा होता. नंबर वहीच्या पहिल्या पानावर आहे. फोन हातात घेतला आणि काय बोलायचं ते जुळवून बघितलं. सिस्टर, मी फ्रिजवाला बोलतोय, माझ्याच फ्रिजमध्ये तुमचं औषध गोठलं. फोन खाली ठेवला.

एक सुई मुठीत धरून ओट्याशी उभा राहिलो. पंधरा मिनिटांत वितळली. प्रकाशात धरून बघितली. पाण्यासारखी स्वच्छ, गढूळपणा नाही, काही तरंगत नाही. डोळ्यांना काहीच फरक दिसला नाही. दिली.

डावी मांडी. सात वाजता. ताप नाही. हिने गॅसचं विचारलं आणि आज पहिल्यांदा माझं सांगताना चुकलं. हिच्या लक्षात आलं नसेल.

देऊन झाल्यावर म्हणाली, "काही बोलायचंय का?" म्हटलं, नाही, काय बोलायचंय?

१० मार्च, रविवार

दुकान बंद ठेवलं. नवा थर्मोस्टॅट आणून बसवला. दाराचं रबर बदललं. आत थर्मामीटर टांगला, पाच अंश दाखवतोय. उरलेल्या तीन सुया मधल्या कप्प्यात, भिंतीपासून चार बोटं लांब. आता काही म्हणजे काही बिघडणार नाही.

ही दारात उभी राहून बघत होती. "दोन महिने काकडी गोठत होती. आज बरं आठवलं."

"वेळ मिळाला," म्हटलं.

ती बराच वेळ माझ्याकडे बघत राहिली आणि मग आत जाऊन आडवी झाली. दुपारी चार वाजता ही कधी आडवी होत नाही.

सुईबरोबरचा कागद काढून वाचला. गोठलेलं वापरू नये असं स्पष्ट छापलंय. पण ते सगळ्यांसाठी छापलेलं असतं. कंपन्या उगाच घाबरवून ठेवतात. मीही फ्रिज दिल्यावर सांगतो चार तास चालू करू नका, आणि दोन तासांत चालू केला तरी काही होत नाही.

दंड, उजवा. ताप ९८.२.

११ मार्च, सोमवार

दंड, डावा. ताप ९८.४. सलग सहा दिवस ताप नाही, म्हणजे औषध काम करतंय. गोठलेलं असतं तर दिसलं नसतं का? आज बऱ्याच दिवसांनी पोटभर जेवलो.

सकाळी माझी पाठ धरली म्हणून कपाटातली दुखण्याच्या गोळ्यांची पट्टी काढली. एकच उरली होती, ती घेतली. बाकीच्या मीच संपवल्या असतील, गेल्या आठवड्यात जड माल उचलला होता.

मी दुकानात निघताना हिने सांगितलं होतं, "येताना ती पट्टी आणा, घरात असावी." विसरलो. रात्री तिने विचारलं तर म्हटलं, तुला तर काही दुखत नाही, काय घाई आहे? उद्या आणतो. ती उठून भांडी आवरायला गेली आणि मध्येच ओट्याला धरून थांबली.

१२ मार्च, मंगळवार

सकाळी नऊला ताप १०१.२.

हुडहुडी भरली होती. दोन पांघरुणं घातली तरी दात वाजत होते. मला वाटलं थर्मामीटर चुकला. फ्रिजचाही आणून बघितला, काय बघायचं होतं कोण जाणे. मग सिस्टरला फोन केला. "काका, आत्ता निघा. वाट बघू नका," एवढंच म्हणाली.

इस्पितळात पोचल्याबरोबर रक्त घेतलं, हातात सलाईन लावलं. सिस्टर तिची वही घेऊन समोर बसली.

"दुखण्याच्या किंवा तापाच्या गोळ्या किती घेतल्या?"

मी म्हटलं, "एकही नाही. मी रोज विचारतो."

पलंगावरून आवाज आला, "नऊ."

मला वाटलं तापात बरळतेय.

"शुक्रवारपासून," ही म्हणाली. "हाडं ठणकत होती. मांड्या, कंबर, छातीचं हाड. झोप नाही. तुम्हाला सांगितलं असतं तर सुई धरवली नसती तुमच्याने. काल पट्टी संपली."

सिस्टर माझ्याकडे न बघता लिहीत होती. म्हणजे ९८.२ हा ताप नव्हता, गोळीचा आकडा होता. तो मी रोज रकान्यात भरत होतो, वर त्याखाली रेघ मारत होतो. आणि पट्टी आणायची विसरलो म्हणून तर ताप वर आला, आणि कळला.

सिस्टरने पुढचं विचारलं. "इंजेक्शनं सगळी वेळेवर?"

"सात म्हणजे सात वाजता," म्हटलं.

ही माझ्याकडे बघत होती. दात अजून वाजत होते, पण नजर हलली नाही. शनिवारी बघत होती तशीच, रविवारी दारातून बघत होती तशीच. मग मी सांगितलं. भिंतीला चिकटलेला खोका, मूठ, सगळं. फ्रिज माझा, हेही सांगितलं, जणू सिस्टरला ते माहीत नव्हतं.

सिस्टर म्हणाली, "किती दिली तशी?"

"तीन."

ती उठून डॉक्टरांना सांगायला गेली.

ही डोळे मिटून म्हणाली, "शनिवारी तुम्ही ओट्याकडे तोंड करून मूठ आवळून उभे होतात. मला आधी वाटलं देवाचं काहीतरी म्हणताय. मग म्हटलं, या माणसाला देव पंधरा मिनिटं सहन करणार नाही."

मला हसू आलं नाही. मी रडलो. वॉर्डात चार माणसं होती, बघत असतील.

१३ मार्च, बुधवार

पेशी तीनशे. निदान दीड हजार तरी हव्यात.

डॉक्टर आले. मोठ्याने बोलले नाहीत, त्यामुळे जास्त लागलं. मी विचारलं, माझ्यामुळे झालं का? म्हणाले, "सांगता येणार नाही. औषध चांगलं असतं तरी ताप येऊ शकला असता. पण शनिवारी फोन केला असतात तर त्याच संध्याकाळी नवीन सुई मिळाली असती." मग हिच्याकडे वळून, "आणि तुम्ही गोळ्या सांगितल्या असत्या तर हाडांसाठी काहीतरी बघितलं असतं, ताप आधी कळला असता. तुम्ही दोघं एकमेकांना फार जपता. थोडं कमी जपा."

इंजेक्शन आज सिस्टरने दिलं. हिने गॅसबिस काही विचारलं नाही. सिस्टरचा हात झपकन चालतो.

पेशी आल्या नाहीत तर काय, हे विचारायचं धाडस झालं नाही. बाहेरच्या बाकावर बसून राहिलो. मला तिच्याशिवाय घरातली साखर कुठे असते तेही माहीत नाही. हे साखरेबद्दल नाही, पण मला दुसऱ्या शब्दांत लिहिता येत नाही.

१५ मार्च, शुक्रवार

पेशी नऊशे. काल दुपारपासून ताप नाही, आणि आता गोळी नसताना नाही.

सिस्टर म्हणाली, "काका, बसून काय करताय, आमचा औषधांचा फ्रिज बघा जरा, आवाज करतो." बघितला. मागचा पंखा धुळीने भरला होता, साफ केला. आत प्रत्येक औषध भिंतीपासून लांब, जाळीच्या टोपलीत. दारावर वही, दिवसातून दोनदा तापमान लिहिलेलं. बत्तीस वर्षं मी फ्रिज गार होतो की नाही एवढंच बघत आलो. आत काय ठेवलंय ते कधी विचारलं नाही.

१७ मार्च, रविवार

पेशी दोन हजार सहाशे. घरी सोडलं.

हिने घरी आल्याआल्या वही मागितली, फूटपट्टी घेऊन बसली आणि चार रकान्यांशेजारी पाचवा आखला. बोटांत पेन्सिल धरवत नव्हती, रेघ वाकडी आली. वर लिहिलं: सांगायचं राहिलेलं.

"दोघांचं," म्हणाली. "रोज."

हिने मागचीही पानं वाचली. नऊ मार्चच्या पानावर बराच वेळ थांबली. आठ मार्चच्या पानावर मात्र हसली. का ते सांगितलं नाही. रकाना उद्यापासून लागू म्हणे.

३ एप्रिल, बुधवार

चौथी फेरी, शेवटची, परवा झाली. आज पहिलं इंजेक्शन. मधला कप्पा, टोपलीत, पाच अंश. अर्धा तास आधी काढलं. तारीख बघितली, रंग बघितला. पोट, उजवी बाजू. गॅस गार की गरम ते विचारून झालं.

ताप ९८.४, गोळीशिवाय.

सांगायचं राहिलेलं. ती: छातीचं हाड दुखायला लागेल म्हणून आत्तापासून भीती वाटतेय. मी: मला सुईची भीती वाटते. (ती म्हणाली, हे राहिलेलं नाही, हे सगळ्यांना माहीत आहे. तरी लिहिलं.)

५ एप्रिल, शुक्रवार

मांडी, उजवी. ताप नाही.

ती: दुखतंय. सिस्टरला फोन केला. तिने डॉक्टरांना विचारून गोळी सांगितली, आधी ताप मोजून मग घेतली, वेळ लिहिली. मी: दुपारी दुकानात आलेल्या बाईंना विचारलं की फ्रिजमध्ये औषध ठेवता का. त्यांच्या सासूबाईंचं इन्सुलिन होतं, मागच्या भिंतीला टेकवून. त्यांना सगळं सांगितलं, माझ्या फ्रिजमध्ये काय झालं तेही. त्यांनी फ्रिज मात्र माझ्याकडेच ठेवला दुरुस्तीला.

८ एप्रिल, सोमवार

रक्त तपासलं. पेशी तीन हजार दोनशे. सिस्टरने फोनवर आकडा दोनदा सांगितला, मी दोन्ही वेळा लिहून घेतला. सातवं इंजेक्शन द्यायचंच आहे, डॉक्टर म्हणाले.

दंड, उजवा. दोघांचंही राहिलेलं काही नाही.

९ एप्रिल, मंगळवार

शेवटचं. दंड, डावा. सात वाजता.

सगळं नेहमीसारखं. हात धुतले, दोनदा नाही, एकदाच. कातडी चिमटीत धरली, सुई टोचली, सावकाश दाबली, बाहेर काढली. मग लक्षात आलं, आज हिने गॅसचं विचारलंच नाही. कंटाळली असेल बिचारी. मीच आपणहून सुरुवात केली, "तर तो गॅस असा असतो की..."

"माहीत आहे मला," ही म्हणाली. "फ्रिज गारवा बनवत नाही, आतली उष्णता उचलून बाहेर टाकतो. गॅस दाबला की तापतो, मागच्या नळ्यांतून उष्णता जाते, मोकळा सुटला की गार पडतो. आणि नऊ मार्चला तुम्ही उलटं सांगितलं होतंत."

एक शब्द चुकला नाही. माझ्याकडे शिकायला आलेल्यांनाही इतकं नीट सांगता येत नाही.

म्हटलं, "मग रोज विचारत का होतीस?"

"हात बघा तुमचा," म्हणाली.

बघितला. धुतलेला होता, नखांत काळं नव्हतं, सुई अजून दोन बोटांत धरलेली होती, जराही हलत नव्हती. तिला त्यात काय दाखवायचं होतं कोण जाणे. सुई डब्यात टाकली, झाकण लावलं.

ताप ९८.२.

सांगायचं राहिलेलं. ती: काही नाही, सगळं सांगून झालं. मी: हात बघितला, पण काय बघायचं ते कळलं नाही. उद्या विचारायचं.